चित्रात जे जे आहे

"सगळ्या दिनदर्शिकेत हीच एक नोंद मुकी कशी राहिली?" कचेरीच्या मोठ्या बाईंनी विचारलं आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर रोज पंधरा-वीस कार्यक्रम लागत. ते लावायचं काम सहा वर्षं तिच्याकडे होतं. सगळे तिला पायरीताई म्हणत, कारण कुठल्याही सभागृहाची नोंद करण्याआधी ती स्वतः जाऊन पायऱ्या मोजून यायची. पायऱ्या किती, कठडा कोणत्या हाताला, लिफ्ट चालू की नुसतीच शोभेची, चाकाच्या खुर्चीला जागा कुठे, खुणांच्या भाषेत सांगणारं कुणी असेल का, सगळं साध्या शब्दांत. प्राध्यापक कुरकुरत, की ही व्याख्यानाची सूचना आहे की जिन्याची. ती हसून म्हणायची, जिना चढता आला नाही तर व्याख्यान कुठलं ऐकताय.

तिच्या टेबलामागच्या भिंतीवर तिनेच एक नियम चिकटवला होता : चित्रात जे जे आहे, ते ते शब्दांत. कारण ज्यांना दिसत नाही, त्यांना फोन वाचून दाखवतो. शब्द असले तर वाचतो. चित्र असलं तर नुसतं 'चित्र' म्हणतो आणि पुढे जातो.

आणि गुरुवारच्या पुस्तक प्रकाशनाच्या जागी गेले आठ दिवस एक रंगीत चित्र होतं. शब्द एक नाही.

सकाळी एका अंध बाईंचा फोन आला होता म्हणे. नाव सांगितलं नाही. भांडल्याही नाहीत. उलट, तुमची दिनदर्शिका मी रोज ऐकते, फार मायेने लिहिलेली असते, असं म्हणाल्या. म्हणून मोठ्या बाईंना जास्तच लागलं होतं.

"दुसरी कुठली राहिली असती तर मी बोलले नसते. पण हीच?"

तिचे कान तापले. राहून गेलं, असं ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

मोठ्या बाई जरा नरमल्या. "तुला लाज वाटतेय, दिसतंय मला. पण लाजून कसं चालेल? पाचच्या आत लिहून टाक. नाहीतर मी लिहिते."

बाहेर शिपाईकाकांनी चहा ठेवता ठेवता म्हटलं, आज पायरीताईंचीच पायरी चुकली वाटतं. एरवी तिने सव्वाशेर उत्तर दिलं असतं. आज कपावरची साय बघत बसली.

मग लिहायला घेतलं. सात पायऱ्या. कठडा उजव्या हाताला. मागच्या दाराने उतार आहे. हात रोजच्या सवयीने चालला. पुढे चित्रातला मजकूर आला, तसा हात जड होत गेला. तळाशी दोन ओळी होत्या. त्या गाळल्या असत्या तर कोण विचारणार होतं? तिने त्या गाळल्या. भिंतीकडे पाहिलं. पुन्हा लिहिल्या. पाचला दहा मिनिटं असताना नोंद लागली.

घरी आई गॅलरीत बसून, स्वतःच जुळवलेलं काहीबाही गुणगुणत, खुर्ची विणत होती. जन्मापासून डोळे नव्हते, पण वेताचं एक टोक चुकायचं नाही. लेकीने हे काम धरलं ते आईपायीच. आईच्या लेखी अख्ख्या विद्यापीठात सरळ हाताने काम करणारं माणूस एकच.

"आलीस? अगं, आज मी तुमच्या हापिसात फोन केला होता," आई म्हणाली. "तुझं नाव नाही घेतलं हो. म्हटलं, गुरुवारचं काय ते लावा नीट. कोणा आळशाचं काम होतं गं ते?"

लेक चप्पल काढत राहिली. "होतं कुणाचं तरी."

"त्याला माझ्याकडे पाठव. वेताने समजावते." आई स्वतःच हसली. तिने गळ्यातला फोन चाचपला आणि गुरुवारावर बोट टेकवलं.

"आता नको ना आई. आधी जेवू."

"थांब की. लागलंय का बघते."

फोन बोलू लागला. सात पायऱ्या. कठडा उजव्या हाताला. आई मान डोलवत होती. हे बघ, ही तुझ्या हातची नोंद, असं म्हणत होती.

"कवितासंग्रहाचं प्रकाशन," फोन म्हणाला. "कवयित्री," आणि मग त्याने लेकीचं नाव घेतलं.

आईचे हात थांबले. सगळा चेहरा उजळला. "तू? कविता करतेस आणि मला पत्ता नाही? ये इकडे, लाजरे." तिने हात पुढे केला. लेक जागची हलली नाही.

"संग्रहातल्या पहिल्या दोन ओळी," फोन म्हणाला. "नाही पाहिलं तोंड, बोटांनी वाचलं."

ओळीच्या टोकाला फोन क्षणभर थांबला. पुढे केलेला हात तसाच ठेवून दुसरी ओळ फोनच्या आधी आईच म्हणाली, "हसू माझ्या लेकीचं, तळव्यात साचलं."