आनंदरावांचे सहा सेकंद

तीस वर्षांपूर्वी इंदूरजवळच्या मानपूरच्या भीमजयंतीत गायकाने गाणं मध्येच थांबवून हाक दिली, "होऊन जाऊ द्या, आनंदराव!" आणि माझ्या आजोबांनी सहा सेकंद एकट्याने ढोलकी वाजवली. त्या रेकॉर्डिंगमधला तेवढाच तुकडा कोणीतरी उचलला. आज तो वरातीत, रीलमध्ये, पान मसाल्याच्या जाहिरातीत, सगळीकडे वाजतो. हाक मात्र कापलेली.

इंदूरच्या बडा गणपती चौकातल्या डीजेवाल्याला मी विचारलं, "हे कुणी वाजवलंय, माहीत तरी आहे का?"

"दीदी, ये तो सॉफ्टवेअरमध्ये फ्री येतं," तो म्हणाला. "पुराने वाल्यात आधी कुणाचं तरी नाव येतं. ते बीटमध्ये बसत नाही ना, म्हणून सगळे उडवतात."

म्हणजे यांना हात चालतो, नाव चालत नाही!

माझं डोकंच फिरलं. घरात त्या कार्यक्रमाची व्हिडिओ कॅसेट पडलेली होती. ती फोनवर उतरवून घेतली आणि हाकेसकट अख्खी नेटवर टाकली. बघू दे सगळ्या इंदूरला, म्हटलं.

सकाळी नोटीस आली. या व्हिडिओतले सहा सेकंद एका म्युझिक कंपनीच्या गाण्यातले आहेत, सबब तेवढा आवाज बंद केला आहे. मी वाचून संपवेपर्यंत आजोबांनी आपल्या फोनवर व्हिडिओ लावलासुद्धा.



"होऊन जाऊ द्या, आनंदराव!" ही हाक खणखणीत ऐकू आली, मग पडद्यावर त्यांचे हात मुक्यानेच ढोलकीवर पडत राहिले, आणि आजोबा फोनचा आवाज वाढवत बसले.