बारावी रायफल

वहीबाला गच्चीवरून खाली आणलं तेव्हा तिच्या हातांना ओलं पीठ होतं. शेजारी दिरहमच्या अंगणात त्याच्या मुलाची वरात नुकतीच पोचली होती. आनंदाचे बार अजून सुरूच होते. आभाळात सोडलेली कोणाची तरी गोळी परत खाली आली होती आणि वहीबाच्या मानेत शिरली होती.

संध्याकाळी डोंगरापलीकडच्या गावाहून तिचा बाप सालेह आला. तो रडला नाही. त्याने लेकीचे हात पाहिले.

"तंदूर पेटलेला आहे. हाताला पीठ आहे. भाकरी सोडून ही गच्चीवर गेलीच कशाला? हिला तर बंदुकीचा आवाज सोसायचा नाही."

भिंतीला टेकून तिचा नवरा मुकबिल उभा होता. त्याने नजर वळवली.

शुक्रवारच्या नमाजानंतर दोन्ही गावं जमणार असं ठरलं. लग्नात अकरा रायफली वाजल्या होत्या. अकरा मालक त्या सालेहच्या पायाशी ठेवणार होते. रायफल ठेवली म्हणजे चूक कबूल केली, मग म्हातारा देईल तो निवाडा. रायफल ज्याची, चूक त्याची. घोडा कोणी ओढला हे विचारत नाहीत. आणि रिकाम्या हाताने आलेल्याची कबुली धरत नाहीत.

गुरुवारी सकाळी मुकबिल बाजारात हिजामच्या दुकानात शिरला. भिंतीला ओळीने रायफली टेकवून ठेवल्या होत्या. कुठल्या कुठल्या फौजांनी विकलेल्या, काही टाकून गेलेल्या.

"ये. अल्ला तिच्यावर दया करो," हिजाम म्हणाला. त्याने एक रायफल पुढे केली. "ही बघ. चिनी. हलकी आणि नवीकोरी."

"नको. म्हातारा हातात घेऊन बघेल. त्याला कळतं."

"सासरा?" हिजामने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मुकबिल, त्या अकरांतल्या कोणावर डोळा आहे तुझा? उद्या ते मान खाली घालून येणार आहेत. अशा माणसावर कोणी गोळी झाडत नाही."

"कोणावर नाही."

मुकबिलने दुसरी उचलली. खाली ठेवली. तिसरी हंगेरियन होती. तिच्या दस्त्यावर कुठल्यातरी शिपायाने चाकूने दोन अक्षरं कोरली होती. त्याने त्यांवरून बोट फिरवलं. तीही ठेवली. दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा तीच उचलली.

"चल मागच्या टेकडीवर," हिजाम म्हणाला. "दोन गोळ्या झाडून बघ. नंतर नळी वाकडी निघाली तर मला शिव्या देशील."

"झाडायची नाही."

"न झाडता रायफल घेणारा तू पहिलाच. मग काठी घे ना, स्वस्तात पडेल."

मुकबिल हसला नाही. "उद्या ठेवायची आहे," तो म्हणाला.

हिजाम त्याच्याकडे बघत राहिला. "तू कशाला ठेवशील? तू म्हाताऱ्याच्या शेजारी बसणार. आणि तुझ्याकडे रायफल होतीच कुठे? वहीबाने ती विकायला लावून गाय घेतली, हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे."

"दिरहमने हातात दिली. म्हणाला, लग्नात रिकाम्या हाताने उभा आहेस, नवरीची आत्या दिसतोस. मी तीन बार काढले."

"दिरहम ठेवतोय ना ती रायफल? मग झालं. तू सुटलास. गप्प राहा. घरी जाऊन गाय बघ."

"गाय मला जवळ येऊ देत नाही," मुकबिल म्हणाला. "दूध तीच काढायची."

हिजामने मुकबिलच्या हातातली हंगेरियन काढून घेतली. "ही नको. हिचा घोडा सैल आहे. ठेवायची तर धड ठेव." तो मागच्या खोलीत गेला आणि एक रशियन रायफल घेऊन आला. जुनी होती, लाकूड काळं पडलं होतं, पण खटका ओढला तेव्हा तो स्वच्छ वाजला.

"ही विकायची नव्हती," हिजाम म्हणाला. "घेऊन जा. आणि म्हाताऱ्याने माफ करून परत दिली, तर इकडे आणू नकोस. मी परत घेणार नाही."

शुक्रवारी चटईवर अकरा रायफली पडल्या. सालेहने एकीलाही हात लावला नाही.

"सगळे कबूल झालात," तो म्हणाला. "पण भाकरी सोडून ती वर का गेली, हे कोणी सांगेल मला?"

मुकबिल त्याच्या शेजारून उठला. समोरच्या बाजूला गेला आणि बारावी रायफल खाली ठेवली. माणसं कुजबुजली. दिरहमने मान फिरवली. सालेहने रायफल उचलली, खटका ओढून पाहिला, पुन्हा ठेवली.

"तूही?"

"हो काका. दिरहमच्या रायफलीने. तीन."

सालेहने डोळे मिटले. मग त्याने हाताने मुकबिलला बसायची खूण केली.

मुकबिल बसला नाही. दिरहमची रायफल हातात येताच अंगणातून त्यानेच हाक मारली होती, "वहीबे, भाकरी राहू दे, वर ये, तुझा नवरा बघ."

ते सांगायचं अजून बाकी होतं.