गेटवरचं भजन

या माउली, जरा जवळ सरका. आपल्या शहराबाहेर, शेंद्र्याच्या पुढं चिनी कारखाना आला, तेव्हाची गंमत सांगतो.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना नोकऱ्या द्या, म्हणून आमच्या कडूबा आप्पांनी कारखान्याच्या गेटवर भजन आंदोलन मांडलं. शहराचं नाव जुनं का नवं, यावर रोज भांडणारेसुद्धा एकाच सतरंजीवर बसले. तेवढ्यात चिनी मॅनेजर फांगसाहेब बाहेर आले. भजनातल्या म्हाताऱ्या दगडाबाईनं उठून त्यांच्या कपाळी बुक्का लावला अन् हातात टाळ दिले.

"मावशी, ज्याच्या विरोधात बसलो त्यालाच टाळ?" आप्पा कुजबुजले.

"भजनात आलेल्याला माघारी लावू व्हय? आधी अभंग होऊ दे, भांडण मग बघू."

साहेब घामाघूम होईस्तोवर नाचले, सगळ्यांच्या पाया पडले अन् आत गेले. कारखाना धडाक्यात सुरू झाला. नोकरी मात्र गावात कुणालाच लागली नाय.

पुढं साहेबांची बदली इथिओपियातल्या नव्या कारखान्यावर झाली. तिथं यंत्रं सारखी बंद पडायला लागली, तसा आप्पांना फोन आला. दुभाषा म्हणाला, "साहेब विचारतात, कारखाना सुरू करताना गेटवर बसून पूजा करणारी तुमची माणसं इकडं कधी पाठवता?"



आता आप्पा अन् दगडाबाई तिथल्या गेटवर पर्मनंट आहेत. पण एकादशीला साबुदाणा मिळत नाय म्हणतात, तेव्हा खिचडीचा पहिला घास घेताना त्या दोघांची तेवढी आठवण ठेवा.