तोफनौका
दुष्काळात कडा गावच्या चारा छावणीत गुरं घेऊन राहिलेला धुळाजी सुनेच्या मोबाइलवर आरमारी लढाईचा खेळ शिकला होता. त्या दुपारी त्याच्या बाजूची सगळी जहाजं बुडाली. उरली त्याची एकटी तोफनौका, चालीला मंद आणि अंगावर पत्रा पातळ. समोरून डोंगराएवढी युद्धनौका येत होती. "मामा, पळा की!" सून साखरा ओरडली. "हिला पळता येत न्हाई, पोरी. अन् लांडग्यापुढं पळालं की संपलंच." त्यानं नौका बेटाआड थांबवली आणि वाट बघितली. युद्धनौका वळताना तिची कूस उघडी पडली, तेव्हाच त्यानं तोफा डागल्या. नेम थेट दारूगोळ्याच्या कोठारावर बसला. ती अवाढव्य नौका कलंडली, सावकाश पाण्याखाली गेली आणि समुद्र सपाट झाला. खेळ बघायला भोवती जमलेल्या छावणीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. धुळाजीनं मात्र गेलेल्याला मान द्यावा तसा डोक्याचा पटका उतरवला. "लई मोठी व्हती गं."