आधीच गेलेलं पत्रक

वाटाघाटी यशस्वी झाल्याची बातमी सकाळी सगळ्या पेपरांत आली, आणि साडेदहाला प्रसिद्धी अधिकाऱ्याला कळलं की वाटाघाटी झालेल्याच नाहीत. नेतेसाहेबांचं पोट बिघडलं होतं. परदेशातले दोन्ही दिवस त्यांनी हॉटेलच्या पलंगावर काढले होते.

साहेबांचं विमान उडण्याआधीच यशाचं पत्रक पेपरांना देऊन ठेवायचं, ही कार्यालयाची सव्वीस वर्षांची पद्धत. पत्रकात नुसतं सौहार्दपूर्ण वातावरण असायचं, त्यामुळे ते कधी खोटं ठरलं नव्हतं. या खेपेला बायको म्हणाली, "अहो, दर वेळी तेच काय लिहिता?" म्हणून त्याने हौसेने लिहिलं: सीमेवरचा बंद पूल खुला होणार.

आता पुलापाशी गर्दी लोटली होती. लेकी पलीकडे दिलेले आईबाप तर पिशव्या भरूनच आले होते. इकडे दालनात चाळीस पत्रकार चहा पीत होते. विमान उतरायला तासभर होता. 'असं काही ठरलंच नाही' एवढं पलीकडचं सरकार म्हणालं, की याची नोकरी गेलीच.

त्याने पलीकडच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याला फोन लावला.

"तुम्ही खुलासा काढताय का?"

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. "खुलासा कसला डोंबलाचा. आमचंही पत्रक परवाच गेलंय. तुमच्यात काय छापलंय ते सांगा आधी."

"पूल खुला."

"अरे बापरे. आमच्यात 'विचार करू' आहे."

"मग विचार झाला म्हणून टाका."

"टाकतो. तारीख?"

"सोमवार."

"सोमवारी आमचे साहेब मुलीकडे जातात. मंगळवार घ्या. आणि ट्रक?"

"येऊ देत की."

"भरलेले?"

"रिकामे येऊन काय करतील?"

वीस मिनिटांत सगळं जुळलं. दोघांनी आपापल्या साहेबांच्या सचिवांकडून होकार घेतला आणि संयुक्त पत्रक काढलं.

विमानतळावरून येताना नेतेसाहेबांनी गाडीत ते दोनदा वाचलं.

"तीस वर्षं अडलं होतं हे. ठरवलं कुणी?"

अधिकाऱ्याने खरं ते सांगितलं आणि खिशातला राजीनामा पुढे केला. साहेबांनी तो न उघडताच परत दिला.

"पुढच्या महिन्यात उत्तरेकडच्या शेजाऱ्यांशी पाण्याची बोलणी आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याचा नंबर आहे ना तुमच्याकडे?"

"आहे, साहेब."

"मग माझं तिकीट रद्द करा."