गाणं चालू आहे

“मृणाल, आपण बोलताना ही सारखी आपल्या तोंडाकडे बघते गं. एकदा कुणाला तरी दाखवून घे.”

मृणालच्या नवऱ्याची, अंबरीशची, लीलाआत्या भोपाळातल्याच पिपलानीहून संक्रांतीचे लाडू घेऊन आली होती. मृणालने डबा ओट्यावर ठेवला आणि ती हसली. “काही नाही हो आत्या. घरात मराठी, शाळेत हिंदी. गोंधळते बिचारी. तोंडाकडे बघून अंदाज घेते.”

मृणालची सात वर्षांची लेक गार्गी दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

उंबऱ्याच्या आत मराठीच, हा मृणालचा नियम होता. तिचं माहेर नागपूरचं. भोपाळात राहून पोरीची भाषा सुटेल, ही तिला धास्ती. आणि गार्गी तर प्रत्येक गोष्टीला आधी “क्या?” म्हणायची.

“क्या नाही राणी, काय म्हणायचं.”

“काय?”

मग मृणाल तेच वाक्य पुन्हा म्हणायची. तिच्याकडे वळून, सावकाश. गार्गीला सगळं नीट कळायचं. म्हणजे भाषेचाच घोळ, दुसरं काय?

बाकी मृणालच्या नजरेतून काही सुटत नसे. तापमापी कायम उशाशी. शाळेची बस साकेत नगरच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती गॅलरीत उभी. जरा शिंक आली की समोरचं मोठं हॉस्पिटल गाठायची. अंबरीश म्हणायचा, “तिथले वॉर्डबॉयसुद्धा तुला नमस्कार करतात.”

त्यानेच गार्गीच्या वाढदिवसाला टीव्हीला जोडायचा गेम आणला. नाचाचा. उजव्या हातात कंट्रोलर धरायचा आणि पडद्यावरची बाई नाचेल तसं नाचायचं. पुढची स्टेप कोणती, ते दाखवणारी इवली इवली माणसं खालच्या पट्टीत सरकत यायची. हात बरोबर गेला की “परफेक्ट” उमटायचं. गार्गीने आठवडाभरात आईबापांना धूळ चारली. दर वेळी पाच तारे.

“पोरगी माझ्यावर गेलीय,” अंबरीश सोफ्यावर आडवा होत म्हणाला.

“तुझ्यावर? वरातीत बघितलंय मी तुला.”

म्हणूनच गणेशोत्सवाच्या नाचात मृणालने हौसेने तिचं नाव दिलं. मराठी मंडळाचा हॉल, शिकवायला वैशालीताई. सुरुवातीला सगळं छान होतं. मग वैशालीताईंनी गार्गीला, ती सगळ्यांत बुटकी म्हणून, मागच्या रांगेतून पुढे आणलं. तिथे तिच्यापुढे कुणीच नव्हतं. आणि पोरगी बिघडली. ढोलकी एकीकडे, गार्गी दुसरीकडे. गाणं संपलं तरी ती एकटीच गिरकी घेत राहिली. मुली हसल्या. तीही हसली, त्या हसतात म्हणून.

“वाईट नका वाटून घेऊ,” वैशालीताई हळूच म्हणाल्या. “ताल नाहीये हिला. झांजा देऊन बाजूला उभी करू का?”

मृणालला काही उमगेना. घरी पाच तारे आणि इथे ताल नाही? पोरगी घाबरते का? मुली काही बोलतात का? की तो गेमच येईल त्याला तारे वाटत सुटतो? एकदा वाटलं, वैशालीताईंचंच काहीतरी बिनसलंय. लगेच वाटलं, नाही, चुकताना तर मीच बघितलं. हॉलवरून परतताना गार्गी स्कूटीवर मागे बसली होती. मृणालने मान न वळवता विचारलं, “भीती वाटते का गं सगळ्यांसमोर?” उत्तर आलं नाही. रुसली असेल, तिने मनाशी म्हटलं.

रविवारी दुपारी ती भाजी घेऊन वर आली. दार नुसतं लोटलेलं होतं. अंबरीश जेवून आत झोपला होता. बाहेरच्या खोलीत, दाराकडे पाठ करून, गार्गी नाचत होती. परफेक्ट. परफेक्ट. एकही हात चुकत नव्हता. मृणाल पिशवी धरून दारातच थांबली. काहीतरी वेगळं होतं. काय, ते कळेना. पंख्याची घरघर ऐकू येत होती. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली. फरशीवर गार्गीची पावलं थपथप वाजत होती, तीसुद्धा स्वच्छ ऐकू येत होती.

मग मृणालचं लक्ष टीव्हीच्या कोपऱ्यातल्या, आवाज बंद असल्याच्या खुणेकडे गेलं. अंबरीशने झोपायच्या आधी आवाज पूर्ण बंद करून ठेवला होता.

नाच संपला. पाच तारे आले. गार्गी वळली, आई दिसताच तिने टुणकन उडी मारली.

“गारू, गाण्याशिवाय नाचतेस?”

“क्या?”

या वेळी मृणालने दुरुस्त केलं नाही. ती तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “गाणं कुठे आहे, बाळा?”

गार्गीला आईचं नवलच वाटलं. पडद्यावर पुढचा नाच आपोआप सुरू झाला होता. खालच्या पट्टीत इवली माणसं सरकत येत होती. तिने त्यांच्यावर बोट ठेवलं.

“हे काय गाणं! चालू आहे ना.”

आणि पाठ फिरवून नाचायला लागली.

“गार्गी,” मृणालने मागून हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग इतक्या मोठ्याने, की आतून अंबरीश दचकून धावत आला. गार्गीचा हात मात्र वर गेला, बरोबर वेळेवर. परफेक्ट.

तुमच्याही घरात एखादं पोर सारखं “काय?” विचारत असेल. त्याची भाषा मागाहून सुधारा. आज ते खेळात रंगलं असेल तेव्हा त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहा, आणि हळूच एकदा नाव घेऊन बघा.