लोखंड कुणाकडे?

पृथ्वीभोवतीचं चुंबकीय कवच मोजायला पाच देश मिळून उपग्रह पाठवणार होते. त्याचा संवेदक इतका नाजूक, की त्याच्या खोलीत जाताना केसातली पिनसुद्धा बाहेर काढून ठेवावी लागे. अकरा वर्षं त्याच्या तारा वहिनींनीच जोडल्या होत्या, आणि आजची शेवटची जोडणीही त्यांच्याच हातून व्हायची होती. नवरा मोहिमेचा प्रमुख, सगळ्यांचे साहेब, म्हणून सगळ्यांच्या त्या वहिनी. नाव कुणी घेतच नसे.

त्या आत गेल्या आणि काचेबाहेरच्या पडद्यावरची, संवेदकाचं मोजमाप दाखवणारी रेषा थरथरली.

"वहिनी, हुक, बटण, काही राहिलंय का?" तपासनीस बाईंनी माइकवरून विचारलं.

"नाही गं, सगळं काढून आलेय. आता कातडं तेवढं राहिलंय."

बाहेर सगळे हसले. वहिनींनी डावा हात पुढे केला, तशी रेषा उसळली.

"अगंबाई! हाताच्या हाडाला स्टीलची पट्टी बसवलीय, विसरलेच. गेल्या वर्षी घरी जिन्यावरून पडले नव्हते का! त्यानंतर आजच आत येतेय."

"कुठल्या जिन्यावरून? तुमचं घर तर बैठं आहे, वहिनी."

वहिनींनी हात मागे घेतला. साहेबांनी फाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "वेळ जातोय. हिला बाहेर घ्या. जोडणी मी करतो."

वहिनी काचेबाहेर येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी घड्याळ काढलं, कमरेचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला, आत गेले आणि दोन्ही हात संवेदकाजवळ नेले.

रेषा जराही हलली नाही.